मध्ये कुणी आलं तर

ऑटोफोकसच्या, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप फोकस साधण्याच्या, तुलनेचा व्हिडिओ बहुतेक वेळा एखाद्या मोकळ्या मैदानात घेतलेला असतो. लांबून एक माणूस कॅमेऱ्याकडे चालत येतो, मग पळत येतो, मग नागमोडी पळतो. त्याच्या डोळ्यावर छोटी चौकट बसलेली असते आणि ती तिथून हलत नाही. शेवटी शंभरातले किती फोटो नेमके फोकसमध्ये आले ते सांगतात, कॅनन, सोनी, निकॉन यांचे आकडे शेजारी शेजारी मांडतात आणि निकाल लावून टाकतात. हे व्हिडिओ मी वर्षानुवर्षं आवडीने बघत आले आहे. पण त्या मैदानात एक गोष्ट कधीच घडत नाही. मध्ये कुणी येत नाही.

मी जिथे फोटो काढते तिथे कुणी ना कुणी मध्ये येतंच. वारीत पताका येते, टाळ धरलेला हात येतो. लग्नात अक्षता येतात, मुलीचा मामा येतो, व्हिडिओवाला येतो. भिगवणला समोरच्या पक्ष्याला ओलांडून कुरव जातात. ताडोब्यात तर गवत कायमच मध्ये असतं. त्यामुळे कुठल्या कंपनीचा ऑटोफोकस चांगला, या प्रश्नाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच उरला आहे: मी ज्याला धरलं त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये काही आलं, तर हा कॅमेरा काय करतो? धरून ठेवतो की सोडतो? आणि धरून ठेवत असेल तर किती वेळ?

आधी यंत्राकडे थोडं बघू. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात, मोठ्या आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो. तो थोडा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमा तिथे शेजारी पडतात. त्या एकमेकींशी जुळल्या तर फोकस बरोबर आहे. सरकलेल्या असतील तर किती सरकल्या आणि कुठल्या दिशेने, यावरून लेन्स कुणीकडे आणि किती फिरवायची ते एका मापात कळतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात. दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची. त्यात लेन्स फिरवत राहायचं, चित्र स्पष्ट होत जातं, एका टप्प्यानंतर ते पुन्हा पुसट व्हायला लागतं, तेव्हा कळतं की शिखर मागे गेलं. मग उलटं यायचं. स्थिर वस्तूसाठी ही पद्धत अतिशय अचूक आहे. हलत्या वस्तूसाठी मात्र तिची मोठी अडचण अशी, की शिखर ओलांडल्याशिवाय ते शिखर होतं हे तिला कळत नाही.

मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा गेला आणि फेज डिटेक्शन थेट मुख्य सेन्सरवर आलं. कॅननने २०१३ साली ७०डीमध्ये प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून ही जोडप्रतिमा मिळवली. सोनी आणि निकॉनने सेन्सरवरच्या काही ठरावीक पिक्सेलांना अर्धं झाकून तेच काम करून घेतलं. पॅनासॉनिक मात्र २०२३ च्या जानेवारीत एस५ टू येईपर्यंत कॉन्ट्रास्टवरच राहिली. लेन्सची धूसरता कशी वाढते याचं गणित तिने त्याला जोडलं होतं आणि ते हुशारीचंही होतं. पण व्हिडिओत मागची पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी हलते, ही त्या कॅमेऱ्यांबद्दलची तक्रार जगभर होती. त्यांचा रंग आणि हाताची थरथर सावरण्याची क्षमता आवडणारी माणसं केवळ या कारणासाठी दुसरीकडे गेली.

इतिहासात फार शिरत नाही, पण जुन्या लेन्स घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८५ साली मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला आणि फोकसची मोटर बॉडीत बसवली. कॅननने १९८७ साली ईओएस ६५० आणताना आपला जुना एफडी माउंट (लेन्स बसवायची खोबण) सोडून दिला, लेन्स आणि बॉडी यांच्यातला सगळा संवाद विजेवर आणला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. तेव्हाच्या ग्राहकांना तो धक्का होता. त्यांच्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर चालेनाशा झाल्या. निकॉनने १९५९ चा एफ माउंट जपला आणि बॉडीतल्या मोटरने स्क्रूवाटे लेन्स फिरवली. याचा परिणाम वीस वर्षांनी आपल्याकडच्या गावोगावच्या फोटोग्राफरांना भोगावा लागला. २००६ च्या डी४० पासून निकॉनने स्वस्त बॉडीतली मोटर काढून टाकली, आणि ५० एमएमची ती लोकप्रिय एफ १.८ डी लेन्स त्या बॉड्यांवर फक्त हाताने फोकस होऊ लागली. आजही वापरलेला निकॉन घेताना हे तपासावं लागतं. मिनोल्टाचं पुढे काय झालं? २००३ मध्ये ती कोनिकाशी एक झाली, २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोनीकडे गेला, आणि जपानमधलं तिचं अल्फा हे नाव सोनीच्या कॅमेऱ्यांवर राहिलं. ऑटोफोकस एसएलआरची वाट दाखवणाऱ्या कंपनीचं नाव आज कुणाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूने, हिवाळ्यात सकाळी नाव काढली की सगळे रोहित पक्ष्यांकडे जायला सांगतात. रोहित बघायला सुंदर, पण फोकससाठी सोपा. तो उथळ पाण्यात शांत चरत असतो. ऑटोफोकसची खरी परीक्षा घ्यायची असेल तर नदी सुरय बघावा, नाहीतर कवड्या खंड्या. खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडत थांबतो आणि मग दगडासारखा खाली येतो. आमच्या नावेवरचे दादा, जन्मच त्या पाण्यावर गेलेला, माझ्या कॅमेऱ्याच्या आधी ओळखतात: "ताई, थांबलाय बघा वर. आता सूर मारंल."

इथे थोडं गणित मांडते, कारण त्याशिवाय कॅमेऱ्यांमधला फरक समजत नाही. समजा सुरय ताशी ४० किलोमीटरने सरळ माझ्याकडे येतो आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढत असेल तर दोन फोटोंच्या मध्ये पक्षी जवळपास ५५ सेंटीमीटर पुढे येतो. ५०० एमएम लेन्स एफ ५.६ वर असेल (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ) आणि पक्षी १५ मीटरवर असेल, तर फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरवर) स्पष्ट दिसणारी जाडी साधारण ३० सेंटीमीटरची. म्हणजे एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत पक्षी त्या स्पष्टतेच्या पट्ट्यातून पूर्ण बाहेर पडलेला असतो. कॅमेऱ्याने जे मोजलं ते फोटो निघेपर्यंत शिळं झालेलं असतं. म्हणून त्याला पुढचा अंदाज बांधावा लागतो आणि पक्षी जिथे असेल तिथे लेन्स आधीच नेऊन ठेवावी लागते. सोनीचा ए९ २०१७ मध्ये आला तेव्हा तो सेकंदाला ६० वेळा हे माप घेत होता. २०२१ च्या ए१ ने ते १२० वर नेलं. आरशाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला आरसा वर जातो आणि तेवढा वेळ फोकसचा सेन्सर आंधळा असतो, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं मोल कळतं.

आणि अशा वेळी पाच मीटरवरून एक कुरव आडवा जातो.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने काय झालं? ज्या ठिकाणी १५ मीटर माप येत होतं तिथे अचानक ५ मीटर आलं. आता त्याने ठरवायचं: माझा सुरय एकदम दहा मीटर पुढे आला, की हा दुसराच कुणी आहे? एका क्षणाच्या मापावरून हे ठरवता येत नाही. थोडं थांबावं लागतं. थांबला आणि तो खरोखर सुरयच असला, तर फोटो हुकले. न थांबता कुरवावर गेला, तर सुरय हरवला आणि लेन्सला पुन्हा मागे जायला जो वेळ लागेल तेवढ्यात सगळं संपलेलं असेल. मोठी लेन्स जवळून लांब जायला किती वेळ घेते हे ज्याने अनुभवलंय त्याला यातली तगमग सांगायला नको.

तिन्ही मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न नीट माहीत आहे आणि तिघींनीही त्याचं उत्तर आपल्या हातात दिलं आहे. कॅननच्या मेन्यूत उणे २ ते अधिक २ अशी पट्टी आहे. उणेकडे गेलं की कॅमेरा चिकट होतो, अधिककडे गेलं की चटकन नव्याकडे वळतो. निकॉनच्या मेन्यूत १ ते ५ असे आकडे आहेत, ५ म्हणजे अडथळा आला तरी उशिरा प्रतिसाद दे. सोनीमध्येही १ ते ५ च, पण तिथे १ म्हणजे धरून ठेव आणि ५ म्हणजे लगेच वळ. निकॉनवाल्या मित्राने "पाचवर ठेव" सांगितलं आणि सोनीवालीने ते ऐकलं, तर नेमकं उलटं होईल. तुलनेच्या व्हिडिओंत हे आकडे बहुधा कारखान्यातून आलेले तसेच ठेवलेले असतात. मोकळ्या मैदानात त्याने काही बिघडत नाही. नावेत बिघडतं. मी जी एका कंपनीला वाईट आणि दुसरीला चांगलं म्हणणारी माणसं ऐकते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ही पट्टी कधी उघडलेलीच नसते, आणि मला त्यांना हाताला धरून ती दाखवावीशी वाटते.

बरं, एकच आकडा सगळीकडे चालतो का? लग्नात बघा. नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट धरलेला आहे, त्यावर ठळक कुंकवाचं स्वस्तिक आहे. समोरून फोटो घेणाऱ्याच्या कॅमेऱ्याला यापेक्षा आकर्षक गोष्ट दुसरी नाही: जवळची, सपाट, रेखीव. शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट बाजूला ओढला जातो आणि नवरीचा चेहरा दिसतो. या क्षणी कॅमेऱ्याने आधीचं तात्काळ सोडलं पाहिजे. नावेत चिकटपणा हवा होता, इथे नको आहे. आणि अर्ध्या सेकंदात अक्षता पडायला लागतात, हार वर जातात, चारी बाजूंनी हात येतात, म्हणजे पुन्हा चिकटपणा हवा. हा बदल मेन्यूत जाऊन करायला कुणालाच वेळ मिळणार नाही. म्हणून अनुभवी फोटोग्राफर फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घेतात. चेहरा मिळाला की अंगठा उचलायचा, फोकस तिथेच राहतो, अक्षता कितीही पडोत. ८५ एमएम लेन्स एफ १.४ वर असेल आणि नवरी दोन मीटरवर, तर स्पष्ट पट्टा साडेचार सेंटीमीटरच्या आसपास असतो. ती हसून थोडी मागे झाली की डोळे बाहेर जातात आणि मुंडावळ्या फोकसमध्ये राहतात. एफ २.८ वर हाच पट्टा दुप्पट होतो. मी अशा वेळी २.८ च्या खाली जात नाही, पार्श्वभूमी कितीही मऊ मिळणार असली तरी.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यावर आणखी एक थर चढला आहे: समोर काय आहे हे कॅमेऱ्याला ओळखता येऊ लागलं. आधीही थोडं येत होतं. निकॉनच्या २००७ च्या डी३ आणि डी३०० मध्ये थ्रीडी ट्रॅकिंग होतं. ते प्रकाश मोजणाऱ्या १००५ पिक्सेलच्या रंगीत सेन्सरकडून रंगाची खूण घेऊन त्या रंगाच्या मागे जायचं. लाल फेट्यामागे ते सुरेख धावणार हे उघड आहे. पण पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पांढऱ्या बंड्या अशी वारकऱ्यांची दाट रांग असेल, तर रंगावर विसंबणाऱ्या कुठल्याही पद्धतीला कोण कुठला ते कसं सांगता येणार? आता कॅमेरे हजारो चित्रांवरून शिकवलेले असतात. ऑलिंपसच्या ई-एम१एक्सने २०१९ मध्ये मोटारी, विमानं आणि आगगाड्या ओळखल्या, पक्षी २०२० च्या डिसेंबरात फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर अद्ययावत करून, आले. कॅननच्या आर५ आणि आर६ ने २०२० मध्ये कुत्री, मांजरं, पक्षी घेतले. सोनीच्या ए१ ने २०२१ मध्ये पक्ष्याचा डोळा घेतला. निकॉनने झेड८ मध्ये पक्ष्यांची वेगळी निवड २०२४ मध्ये दिली. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सोनीच्या २०२२ च्या ए७आर फाइव्हमधलं काम. तो माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो, तसाच शरीराच्या ठेवणीवरूनही ओळखतो. चेहऱ्यासमोर पताका आली तरी खांदे, कोपर, मान यांच्यावरून हा तोच माणूस हे त्याला कळतं. मध्ये कुणी आलं तर काय, या प्रश्नाला कुठल्याही पट्टीपेक्षा हे चांगलं उत्तर आहे, कारण इथे वाट बघायची गरजच कमी होते.

माउलींच्या पालखीचं गोल रिंगण डोळ्यांसमोर आणा. कडेने पताकाधारी, मध्ये मोकळं रिंगण, आणि दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. कॅमेरा माणसं शोधण्यावर ठेवला असेल, तर ज्या अश्वासाठी हजारो लोक उन्हात उभे आहेत तोच त्याच्या हिशेबात नसतो. तो कडेचा एखादा चेहरा धरून बसेल. प्राण्यांवर ठेवला, तर कुठल्या कॅमेऱ्याला घोडा शिकवलाय ते पाहावं लागतं. कॅननने २०२२ च्या आर६ मार्क टूमध्ये घोडा यादीत घेतला. मला अशा ठिकाणी वाटतं की ओळखणं बंद करावं, मध्यम आकाराची चौकट स्वतः अश्वावर ठेवावी आणि पट्टी चिकट टोकाला न्यावी. रिंगणात मध्ये येणाऱ्या पताका पातळ असतात, क्षणात जातात.

मंद प्रकाशाबद्दल थोडक्यात. जाहिरातींत उणे ईव्हीचे आकडे येतात (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका उणे तितक्या कमी उजेडात फोकस होतो) आणि लोक ते सरळ एकमेकांशेजारी ठेवतात. कॅनन आर६ साठी उणे ६.५ सांगतात, सोनी ए७ फोरसाठी उणे ४. वाटतं, केवढा फरक! पण कॅननचा आकडा एफ १.२ लेन्स धरून दिलेला आहे आणि सोनीचा एफ २ धरून. एफ १.२ मधून एफ २ च्या पावणेतीन पट प्रकाश येतो, म्हणजे दीड ईव्ही तिथेच गेला. उरला फरक साधारण एकाचा. आणि माझ्याकडे एफ १.२ लेन्स नाही, तुमच्याकडेही बहुधा नसेल.

लेन्सचं तर कुणी नावच घेत नाही. फोकस शेवटी लेन्समधल्या काचा हलवून होतो. उत्तम बॉडीवर संथ मोटरची लेन्स लावली तर तो कॅमेरा संथच. सोनीने सिग्मा-टॅमरॉनला माउंट लवकर उघडा केला, त्यामुळे तिथे परवडणाऱ्या लेन्स भरपूर आहेत, मात्र ए९ किंवा ए१ वर बाहेरच्या कंपनीच्या लेन्सने सेकंदाला १५ फोटोंच्या वर जाता येत नाही. कॅननने २०२० मध्ये एफ ११ च्या ६०० आणि ८०० एमएम लेन्स काढल्या. डीएसएलआरचा फोकस एफ ८ पर्यंतच कसाबसा जायचा, मिररलेसमुळे एफ ११ वरही तो चालतो, जरी चौकटीच्या मधल्याच भागात. ज्यांना मोठ्या लेन्सचे लाखो रुपये परवडत नाहीत त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट झाली, आणि तुलनेच्या तक्त्यांत तिला जागाच नाही. मला कुणी विचारलं तर मी सांगते, बॉडी एक पिढी जुनी घ्या आणि उरलेले पैसे लेन्समध्ये घाला. वरच्या तीन कंपन्यांमधला आजचा फरक चांगल्या आणि बऱ्या लेन्समधल्या फरकापेक्षा लहान आहे, असं माझं ठाम मत आहे.

खेळांची यादीही आता आली आहे. २०२४ च्या आर१ आणि आर५ मार्क टूमध्ये कॅननने फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल शिकवले आहेत. शॉट मारणारा कोण हे कॅमेरा हालचालींवरून ओळखतो आणि फोकस त्याच्याकडे नेतो. ठरावीक माणसांचे चेहरे आधी नोंदवून त्यांना प्राधान्य देता येतं. ही यादी वाचताना मला कबड्डी आठवते. तीस सेकंदांची चढाई, एक जण आत, समोर सात जणांची साखळी, आणि तो प्रत्येक पावलाला कुणाच्या तरी मागे जातो. ज्याला धरायचं त्याच्या मध्ये सतत कुणीतरी असणं हाच हा खेळ आहे. मी तिथे चेहरा ओळखणं बंद ठेवते, कारण बचावाचे चेहरे माझ्याकडे असतात आणि चढाई करणाऱ्याची पाठ. छोटी चौकट त्याच्या पाठीवरच्या नंबरावर, पट्टी चिकट टोकाला. पकड झाली आणि तो ढिगाखाली गेला की अंगठा उचलते, मध्यरेषेकडे ताणलेला हात बाहेर दिसला की पुन्हा दाबते. यादीत कबड्डी घालणारा पहिला कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, तो भाड्याने आणून मी थेट मॅटच्या कडेला जाऊन बसणार आहे.